आधी चाचणी, मग चिप

विद्यार्थ्यांनी लहान उपग्रह बांधायचा ठरवला की पहिला वाद होतो तो संगणकावरून. इंदुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना हा वाद मी अनेकदा ऐकला आहे, आणि आता तो महाविद्यालयांच्या भिंतींबाहेर यायला हवा असे मला वाटते. मुले म्हणतात, बाजारात मिळणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा एसटीएम३२ या नियंत्रक चिपचा बोर्ड काय वाईट आहे? मोबाईलमधली चिप मंगळावर जाऊन काम करू शकली, मग आमची पाचशे किलोमीटरवर का नाही चालणार? सल्ल्यासाठी बोलावलेली ज्येष्ठ मंडळी सांगतात, ‘स्पेस ग्रेड’, म्हणजे अंतराळासाठी खास बनवलेली चिप नसेल तर हातही लावू नका. तेवढा पैसा बहुतेक महाविद्यालयांकडे नसतो. मग एक तर प्रकल्प कपाटात जातो, नाही तर असेल तो बोर्ड डब्यात बसवून देवावर हवाला ठेवला जातो.

दोन्ही बाजू चिपवरचा शिक्का बघून बोलतात. माझे म्हणणे असे की शिक्क्याने फारसे काही ठरत नाही. ही चिप, याच खेपेतली, ठरलेल्या कक्षेत ठरलेली वर्षे टिकेल का, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मोजूनच मिळते. मोजण्याची साधने देशात मोजक्या ठिकाणी आहेत. त्यांतली काही आपल्या इंदुरात, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहेत. नाव बदलून बरीच वर्षे झाली तरी गावात त्याला ‘कॅट’च म्हणतात. ती साधने विद्यार्थ्यांना आणि छोट्या उद्योगांना वेळापत्रक लावून खुली करावीत आणि तिथे निघालेले निकाल सगळ्यांना वाचता येतील असे प्रसिद्ध करावेत, ही माझी मागणी आहे.

मुलांच्या हौसेच्या प्रकल्पासाठी एवढी यातायात कशाला, असे कोणी विचारेल. कक्षेत मेलेला उपग्रह तिथेच फिरत राहतो आणि दुसऱ्याच्या वाटेत येतो, हे एक कारण. २०३० पर्यंत भारताच्या सगळ्या मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट इस्रोने २०२४ साली जाहीर केले. मार्च २०२४ मध्ये पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यावरचे पोएम-३ हे व्यासपीठ वातावरणात परत आणून जाळले गेले, तेव्हा त्या मोहिमेचा कोणताही तुकडा कक्षेत उरला नाही. देश एवढा कसोशीने वागणार असेल तर आज्ञा ऐकणे बंद केलेला एक किलोचा डबाही खासगी बाब राहत नाही. दुसरे कारण पैशाचे. या प्रकल्पांत बहुधा सार्वजनिक पैसा असतो, आणि प्रक्षेपकावरची जागाही सार्वजनिक असते.

आता वर नेमके काय होते ते पाहू, कारण शिक्क्यांचा वाद तिथेच गळून पडतो.

विक्रम साराभाईंनी केंब्रिजची डॉक्टरेट वैश्विक किरणांवरच्या कामासाठी मिळवली. १९४७ साली त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली, तिचे सुरुवातीचे कामही याच किरणांवरचे. ज्या कणांचा माग काढता काढता आपला अंतराळ कार्यक्रम उभा राहिला, तेच कण आज उपग्रहाच्या संगणकाला छळतात. त्यांत सूर्याकडून येणारे प्रोटॉन असतात, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतात, आणि दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून आलेली जड केंद्रकेही असतात. जमिनीवर वातावरण आपले रक्षण करते. वर चिपच्या आणि त्यांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा एखादा पत्रा असतो.

इजा तीन प्रकारची होते आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिली हळूहळू साचणारी. किरणांची मात्रा साठत जाते, ट्रान्झिस्टरमधल्या ऑक्साईडच्या थरात विद्युतभार अडकतो, गळती वाढते आणि एक दिवस चिप बंद पडते. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने ‘स्टारफिश प्राइम’ हा अणुस्फोट प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर केला. दुसऱ्या दिवशी टेलस्टार-१ हा दळणवळण उपग्रह सुटला, आणि स्फोटातल्या कणांनी भरून गेलेल्या, पृथ्वीभोवतीच्या किरणपट्ट्यांतून फिरताना त्याचे ट्रान्झिस्टर निकामी होत गेले. नोव्हेंबरात तो आज्ञा ऐकेनासा झाला, जानेवारीत अभियंत्यांनी त्याला युक्तीने जागे केले, आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा गप्प झाला. इलेक्ट्रॉनिक्सला किरणांपासून वाचवण्याच्या शास्त्राला या घटनेने मोठी चालना दिली.

दुसरी इजा क्षणाची. एक कण मेमरीच्या एका पेशीतून जातो आणि शून्याचा एक होतो. २०१० साली व्हॉयेजर-२ कडून येणारी माहिती अचानक निरर्थक झाली. कारण शोधले तर मेमरीतला एकच बिट उलटला होता. तो पुसून जागेवर आणल्यावर यान पूर्ववत बोलू लागले. हा प्रकार जमिनीवरही क्वचित घडतो. २००३ च्या बेल्जियमच्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त मिळाली. हा आकडा दोनाचा बारावा घात आहे, म्हणजे नेमका एक बिट, आणि त्यामागे वैश्विक किरण असावा हेच स्पष्टीकरण सर्वांत संभाव्य मानले गेले. अशा इजेला चूक सुधारणारी मेमरी, संगणकाच्या प्रोग्रामच्या तीन प्रती आणि त्यांतले बहुमत, अडकलेल्या संगणकाला पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टायमर असे उपाय आहेत. ते विचारपूर्वक केले तर महागडी चिप न घेताही भागते.

तिसरीची मला सर्वांत भीती वाटते. सीमॉस, म्हणजे आजच्या बहुतेक चिपा ज्या तंत्राने बनतात त्या तंत्राच्या चिपच्या पोटात, रचनेच्या ओघात, एक नको असलेला चार थरांचा मार्ग तयार झालेला असतो. तो एससीआरसारखा, म्हणजे एकदा चालू झाला की आपोआप बंद न होणाऱ्या विद्युत स्विचसारखा वागतो. जड कण बरोबर तिथून गेला की तो मार्ग उघडतो, भरमसाट प्रवाह वाहू लागतो, आणि वीज तोडेपर्यंत थांबत नाही. याला लॅच-अप म्हणतात. उघडा राहिला तर चिप जळते. कोणती चिप लॅच-अप होते आणि कोणती होत नाही हे तिच्या माहितीपत्रकात छापलेले नसते. किंमत बघूनही कळत नाही. कणांचा मारा करूनच बघावे लागते. किती प्रवाहाला पोचल्यावर वीज तोडायची, तोडून किती मिलिसेकंद थांबायचे, हे आकडेही त्या माऱ्यातूनच हाती येतात, आणि मग दोन-चार स्वस्त सुटे भाग लावून त्या चिपचे रक्षण करता येते.

मुले मंगळावरच्या मोबाईल चिपचा दाखला देतात, तो खरा आहे आणि तो नीट वाचायला हवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स बग्गीचा मुख्य संगणक आरएडी७५० आहे. त्याचे मूळ १९९७ च्या पॉवरपीसी ७५० मध्ये, म्हणजे ॲपलच्या पहिल्या आयमॅकमधल्या प्रोसेसरच्या घराण्यात. कमाल वेग २०० मेगाहर्ट्झ, पण सोसण्याची ताकद २ लाख राडपासून १० लाख राडपर्यंत (राड हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक). त्याच्या एका बोर्डाची किंमत २ लाख डॉलरच्या घरात सांगितली जाते. त्याच बग्गीच्या पोटाखालून गेलेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये मात्र स्नॅपड्रॅगन ८०१ होता, २०१४ च्या सुमारास मोबाईलमध्ये असायचा तोच. पाच उड्डाणांची अपेक्षा होती. त्याने ७२ उड्डाणे केली आणि जानेवारी २०२४ मध्ये पात्याला इजा झाल्यामुळे ते थांबले. संगणकामुळे थांबले नाही.

एकाच मोहिमेतल्या या दोन निवडी परस्परविरोधी वाटतात, पण मला दोन्ही बरोबर वाटतात. बग्गीने वर्षानुवर्षे चालायचे होते आणि ती गमावणे परवडणारे नव्हते. हेलिकॉप्टर हा प्रयोग होता, वजन दोन किलोच्याही आत ठेवायचे होते, आणि कॅमेऱ्याची चित्रे उडता उडता तपासायला जुन्या प्रोसेसरचा वेग पुरला नसता. आणि मोबाईलच्या चिपवर सगळे सोपवलेही नव्हते. उड्डाणाचा तोल सांभाळायला वाहनांसाठी बनवलेले दोन सारखे मायक्रोकंट्रोलर होते, आणि त्यांच्यावर नजर ठेवून एक बिघडला तर दुसऱ्याकडे काम सोपवणारी एक किरणसह्य एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप. मुलांच्या दाखल्यात हा अर्धा भाग नेहमी गळतो. रास्पबेरी पायचेही तसेच. डिसेंबर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ॲस्ट्रो पाय गेले आणि त्यांनी उत्तम काम केले, पण ते माणसांसाठी राखलेल्या उबदार, हवा भरलेल्या दालनात. आजूबाजूला हवा, जाड भिंती, आणि बिघडले तर बंद करून चालू करायला अंतराळवीर. मोबाईल फोन बसवलेला ब्रिटिश उपग्रह स्ट्रँड-१ तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पीएसएलव्ही-सी२० वरून गेला होता. अशा प्रयोगांना माझा विरोध नाही. ते करणाऱ्यांनी आधी काय मोजले होते ते आपण विचारत नाही, याचे मला वाईट वाटते.

शिक्क्यावर भिस्त ठेवणाऱ्या ज्येष्ठांनाही दोन उदाहरणे सांगायला हवीत. रशियाचे फोबोस-ग्रुंट यान नोव्हेंबर २०११ मध्ये सुटले, पृथ्वीच्या कक्षेबाहेर पडूच शकले नाही आणि जानेवारी २०१२ मध्ये प्रशांत महासागरात पडले. चौकशी समितीने मेमरी चिपवर जड कणांचा आघात झाल्याचे आणि ते भाग अंतराळासाठी योग्य नसल्याचे कारण दिले. त्यावर तज्ज्ञांत मतभेद झाले, तरी बाजारातली चिप न तपासता पाठवू नये एवढा धडा त्यातून निघतोच, आणि ज्येष्ठ तोच सांगतात. पण नासाच्या युरोपा क्लिपरचे काय झाले? ते गुरूच्या भयंकर किरणपट्ट्यांसाठी बांधलेले यान. किरणसह्य म्हणून घेतलेले ट्रान्झिस्टर अपेक्षेपेक्षा कमी मात्रेत बिघडतात, हे २०२४ च्या मे महिन्यात, यान जवळजवळ तयार असताना कळले. पुढचे चार महिने रात्रंदिवस चाचण्या चालल्या. कोणते ट्रान्झिस्टर किती सोसतात आणि गुरूपासून दूर असताना किती सावरतात हे मोजले गेले, आणि मगच ऑक्टोबरात उड्डाण झाले. शिक्का होता, पण निर्णय घेता आला तो मोजमापामुळे.

बाजारातल्या चिपची आणखी एक अडचण आहे. एकाच क्रमांकाची चिप दोन वेगवेगळ्या कारखान्यांत बनते, आतली रचना कंपनी न सांगता बदलते. गेल्या वर्षीच्या खेपेने चाचणी सोसली म्हणून या वर्षीची सोसेलच असे नाही. म्हणून मी मुलांना चिपवरचा चार आकडी कोड वाचायला लावतो: २३१८ म्हणजे २०२३ चा अठरावा आठवडा. एका रिळातून हवेत त्यापेक्षा बरेच जास्त नग घ्या, काही चाचणीत खर्ची घाला, आणि उरलेले त्याच रिळातले वर पाठवा. सुटे नग गोळा करून बोर्ड भरला तर कोणतीही चाचणी कामाची नाही.

किरणांपलीकडचे दोन-तीन धोके थोडक्यात सांगतो, कारण त्यांचे उपाय सर्वांना माहीत आहेत, फक्त पाळले जात नाहीत. वर हवा नसल्यामुळे पंखा निरुपयोगी. उष्णता तांब्यातून चौकटीत आणि चौकटीतून प्रारण होऊनच बाहेर जाते. दीड तासाची प्रदक्षिणा, म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा वेळा ऊन आणि सावली, आणि दर वेळी सोल्डरचे सांधे ताणले जातात. निर्वातात प्लास्टिकमधून वाफा निघून कॅमेऱ्याच्या भिंगावर बसतात. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यावर केसासारखे धातूचे तंतू उगवतात. १९९८ च्या मे महिन्यात गॅलेक्सी-४ उपग्रह अशाच तंतूंनी केलेल्या शॉर्टसर्किटमुळे गेला आणि अमेरिकेतले बहुतांश पेजर बंद पडले. आज बाजारातले जवळजवळ सगळे भाग पर्यावरणाच्या नियमांनुसार शिसेमुक्त असतात, म्हणजे हा धोका वाढलेलाच आहे.

आता कक्षेचा हिशेब. पाच-सहाशे किलोमीटर उंचीवर, दोन-तीन मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या आड, चिपला वर्षाला साधारण किलोराडच्या आसपास मात्रा मिळते. पाच वर्षे धरली आणि वर दुपटीची सावधगिरी ठेवली तरी १० किलोराड. बाजारातल्या पुष्कळ चिपा एवढे सोसतात, काही सोसत नाहीत. भूस्थिर कक्षेत पंधरा वर्षे काढायची असतील तर गोष्ट १०० किलोराडच्या पातळीवर जाते आणि तिथे बाजारातल्या बोर्डाचा हट्ट धरू नये. वर्षभर फिरून वातावरणात जळून जाणाऱ्या एक किलोच्या उपग्रहासाठी १० लाख राडची चिप मागणे मात्र सार्वजनिक पैशाची नासाडी आहे.

देशी चिपांबद्दलही बोलले पाहिजे, कारण इथे भावना लवकर उफाळतात. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या तंत्राने बनलेला ३२ बिटांचा विक्रम ३२०१ प्रोसेसर मार्च २०२५ मध्ये इस्रोच्या हाती आला. त्याआधीच, ३० डिसेंबर २०२४ ला सुटलेल्या पीएसएलव्ही-सी६० च्या पोएम-४ वर त्याच्या पहिल्या खेपेने प्रत्यक्ष अंतराळात काम करून दाखवले होते. त्याच्यासोबतचा कल्पना ३२०१ स्पार्क या खुल्या प्रमाणावर बेतलेला आहे. आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रकल्पातून, इस्रोबरोबर, आरआयएससी-व्ही या खुल्या प्रोसेसर-रचनेवर आधारलेला आयरिस नावाचा नियंत्रकही तयार झाला. काही जण १८० नॅनोमीटरला नाक मुरडतात, जगात तीन नॅनोमीटरच्या चिपा आल्या म्हणून. त्यांना एवढेच सांगणे की मोठ्या ट्रान्झिस्टरमधला बिट उलटवायला जास्त विद्युतभार लागतो. प्रक्षेपकाला वेगवान चिप लागत नाही, भरवशाची आणि कोणी परवाना अडवू न शकणारी लागते. किरणसह्य चिपांवर अमेरिकेचे निर्यातनिर्बंध असतात, आणि १९९८ नंतर इस्रोच्या संस्था त्यांच्या बंदीच्या यादीत होत्या, त्या जानेवारी २०११ मध्ये बाहेर आल्या. मोहालीचे काम म्हणूनच मोलाचे आहे. पण देशी आहे म्हणून प्रत्येक विद्यार्थी उपग्रहात तीच चिप सक्तीची करा, असे कोणी म्हणाले तर तोही एक शिक्काच झाला. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा स्वयम् उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, एक किलोच्या आसपासचा. आयआयटी मुंबईचा प्रथम त्याच वर्षी सप्टेंबरात. मुलांनी स्वतः निवड करून स्वतः निभावून नेण्याची ही परंपरा आहे, ती सक्तीने आखडू नये.

चांगली चिपही चुकीच्या तर्काने हरते, हेही ध्यानात राहू द्या. ७ ऑगस्ट २०२२ ला इस्रोच्या एसएसएलव्ही या लहान प्रक्षेपकाच्या पहिल्या उड्डाणात दुसरा टप्पा सुटताना कंपने झाली, प्रवेगमापकांचे आकडे क्षणभर मर्यादेबाहेर गेले, आणि संगणकाने ते बिघडले असे ठरवून पुढची वाट चुकीची घेतली. उपग्रह ३५६ गुणिले ७६ किलोमीटरच्या कक्षेत सोडले गेले आणि गेले. त्यांत देशभरातल्या ७५० शाळकरी मुलींच्या हातचे काम होते. प्रवेगमापक धडधाकट होते, संगणकही. पुढच्या फेब्रुवारीत दुसरे उड्डाण यशस्वी झाले, मुलींच्या नव्या उपग्रहासह, कारण नेमके काय घडले ते इस्रोने शोधले, दुरुस्त केले आणि जाहीरही केले.

आता इंदूर. कॅटमध्ये इंडस-१ आणि इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांना गोल फिरवून तीव्र किरण देणारी यंत्रे आहेत, आणि त्यांच्या बीमलाइन, म्हणजे ते किरण प्रयोगापर्यंत नेणाऱ्या वाटा, विद्यापीठांतल्या संशोधकांना प्रस्ताव पाठवून वापरता येतात. म्हणजे बाहेरच्यांसाठी दार उघडण्याची पद्धत तिथे बसलेली आहे. चिपांच्या चाचणीला सिंक्रोट्रॉनपेक्षा कॅटने बांधलेले इलेक्ट्रॉन त्वरक, म्हणजे इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देणारी यंत्रे, उपयोगी आहेत. त्यांतले १० एमईव्ही ऊर्जेचे यंत्र तर गावात, चोइथराम मंडीच्या आवारातल्या कृषी विकिरण केंद्रात चालते. कांद्या-बटाट्याला मोड येऊ नयेत म्हणून ०.०२ ते ०.२ किलोग्रे मात्रा देतात. ग्रे हे मात्रेचे दुसरे एकक, एक ग्रे म्हणजे १०० राड; आपण काढलेले १० किलोराड म्हणजे ०.१ किलोग्रे. कांदा टिकवायला जेवढे किरण लागतात तेवढ्यातच खालच्या कक्षेतल्या चिपची पाच वर्षे मोजून होतात! वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करायला २५ किलोग्रे लागतात, त्यापुढे हे काहीच नाही. यंत्राचा वेळ कोणाचाही हिरावला जाणार नाही.

यातल्या मर्यादा लपवू नयेत. प्रमाणित चाचणी कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी आणि ठरलेल्या गतीने होते. इलेक्ट्रॉन त्वरक तीच मात्रा फार झटपट देतो. काही बायपोलर आयसी, म्हणजे सीमॉसहून वेगळ्या रचनेच्या चिपा, विशेषतः व्होल्टेज रेग्युलेटर, मंद गतीने मिळालेल्या मात्रेत जास्त बिघडतात, म्हणजे झटपट चाचणी त्यांना खोटे प्रशस्तिपत्र देऊ शकते. म्हणून मंडीतले यंत्र ही पहिली चाळणी समजावी, तिच्यात नापास झालेल्या भागावर पुढचा पैसा खर्च करू नये. लॅच-अपसाठी जड कण हवेत. ते दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राच्या पेलेट्रॉन या त्वरकावर आणि मुंबईत टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारातल्या पेलेट्रॉनवर मिळतात. अवंतिका एक्सप्रेसने मुंबई एका रात्रीची. पण तिथली वेळ मिळायला थांबावे लागते, आणि दहा चिपांतली संशयास्पद कोणती हे आधी कळले तर ती वेळ वाया जात नाही. पिकोसेकंद लेसरच्या स्पंदनांनी लॅच-अपच्या जागा शोधण्याची पद्धत जगात रुळलेली आहे, आणि लेसर हा तर कॅटचा स्थापनेपासूनचा विषय. त्या विद्येला हे काम अवघड नाही.

सुरक्षेचा आक्षेप येईल, आणि अणुऊर्जा विभागाच्या केंद्राबाबत तो योग्यच आहे. पण साचणाऱ्या मात्रेची चाचणी टप्प्याटप्प्याने होते. विद्यार्थ्याने आत जायचे कारण नाही. चिपांची पेटी दारात द्यावी, दिलेल्या मात्रेच्या नोंदीसह परत घ्यावी, मोजमाप महाविद्यालयात करावे. माणसांच्या कमतरतेचा आक्षेप जास्त खरा आहे. तिथले शास्त्रज्ञ आपापल्या कामात गुंतलेले असतात आणि त्यांना कारकुनी करायला लावू नये. यासाठी दोन-तीन माणसांची स्वतंत्र नेमणूक लागेल. तो खर्च राज्य शासनाने किंवा खासगी अंतराळ उद्योगासाठीच्या अहमदाबादच्या इन-स्पेस या सरकारी संस्थेने उचलावा, आणि उद्योगांकडून पूर्ण शुल्क घ्यावे. पिथमपूरचा वाहनउद्योग उण्या ४० पासून १२५ अंशांपर्यंत चालणारे भाग रोज वापरतो. तिथल्या कंपन आणि तापमानाच्या चाचणीच्या सोयी महाविद्यालयांना सुट्टीच्या दिवसांत मिळाल्या तर बराच प्रश्न सुटेल.

मला सर्वांत आग्रह आहे तो निकाल प्रसिद्ध करण्याचा. नासाचे गोडार्ड केंद्र आपल्या किरणचाचण्यांचे संकलन दर वर्षी प्रसिद्ध करते. कोणत्या कंपनीचा, कोणत्या खेपेचा, कोणता भाग किती मात्रेला गेला, सगळे नावानिशी. युरोपीय अंतराळ संस्थाही असे अहवाल खुले ठेवते. इंदुरातला तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आज ते वाचू शकतो आणि वाचतो. आपल्या बाजारात मिळणाऱ्या खेपांचा तसा संग्रह आपणही ठेवावा. आज एका महाविद्यालयाने शिकलेले दुसऱ्याला कळत नाही, त्याच महाविद्यालयातली पुढची तुकडीसुद्धा शून्यापासून सुरुवात करते. विद्यापीठांचे अनेक लहान उपग्रह कक्षेत गेल्यावर एकदाही बोलत नाहीत, आणि तिथे कारण बहुधा वीजपुरवठ्यात किंवा संपर्कात सापडते. त्या कहाण्याही लिहिल्या जात नाहीत, कारण अपयश लिहिण्याचे बक्षीस कोणी देत नाही. म्हणून अट असावी: सवलतीत चाचणी घेतली तर निकाल वर्षाच्या आत खुला. ज्या उद्योगाला गुप्तता हवी त्याने पूर्ण पैसे भरावेत, त्यालाही ठरावीक काळच लपवता यावे.

सुरुवात लहान असली तरी चालेल. महाविद्यालये जे भाग सर्रास वापरतात त्यांपासून करावी: दोन-तीन मायक्रोकंट्रोलर, नेहमीचे व्होल्टेज रेग्युलेटर, मेमरी कार्ड, तासाची गणती ठेवणाऱ्या घड्याळ-चिपा, बॅटरी चार्ज करणाऱ्या आयसी. श्री गोविंदराम सेक्सरिया संस्थेतली किंवा देवी अहिल्या विद्यापीठातली शेवटच्या वर्षाची एकेक तुकडी एकेक भाग प्रकल्प म्हणून घेऊ शकते. विद्यार्थ्यांना याहून खरा प्रकल्प मिळणे कठीण आहे. आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्र आणि अंतराळ अभियांत्रिकीचा विभागच आहे, त्याने हा तक्ता सांभाळावा आणि मोजमापाची पद्धत सगळ्यांना सारखी घालून द्यावी. तक्त्यात भागाचा क्रमांक, चार आकडी कोड, खरेदीचे ठिकाण, मात्रा, गती, काय बिघडले आणि केव्हा, हे रकाने पुरेत. मोजणाऱ्या तुकडीचे नाव आणि तारीख पास झालेल्या भागासमोर जशी लिहिली जाईल तशीच नापास झालेल्यासमोरही लिहिली जावी.